होडीची ट्रॉली : चाकांचे तुंबे व ब्रेक यांची निगा

शेतकीच्या मासिकांत होडीच्या ट्रॉलीचा विषय कशासाठीं, असा प्रश्न देशावरील सभासदांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ठाणें व रायगड जिल्ह्यांतील खाडीकांठच्या कित्येक घरांत नांगर आणि वल्हें एकाच पडवींत टेकून ठेवलेलीं असतात, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस तो पडणार नाहीं. सन १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें काम सुरू झालें. भाताचीं खाचरें गेलीं, मिठागरें गेलीं. खाडी मात्र संपादन झाली नाहीं. दिवाळें, सारसोळें, वाशी, ऐरोली येथील कोळीवाडे आजही तिच्या कांठीं आहेत, आणि पनवेल, उरण, पेण या बाजूस ज्यांच्याकडे खारीचें शेत अद्याप राहिलें आहे त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं होडीही आहे. सातबाराच्या उताऱ्यांत पिकासाठीं रकाना असतो, होडीसाठीं नसतो. त्यामुळें सरकारी दप्तरावरून ही गोष्ट कळावयाची नाहीं. तें दप्तर आम्हीं बरींच वर्षें लिहिलें आहे, म्हणून सांगतों.

अशा घरीं ट्रॅक्टरची ट्रॉली बहुधा एकच असते व तिला बारमाही काम असतें. दिवाळीनंतर तिच्यांतून भाताचे भारे येतात, पुढें शेणखत, राबाचा पाला व विटा जातात, आणि वैशाख सरत आला म्हणजे तिच्यावर होडी चढते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मुदतींत यांत्रिक होड्यांनीं मासेमारी करण्यास बंदी असते. त्यापूर्वीं होड्या कांठावर घ्याव्या लागतात व नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हां पाण्यांत लोटाव्या लागतात. पूर्वीं हें काम लांकडी ओंडके टाकून, सारा वाडा दोराला लावून होई. आतां फायबरच्या लहान होड्या आल्या, आणि कित्येक ठिकाणीं नवी रीत पडली आहे : ट्रॅक्टर उतारावर मागें घ्यावा, ट्रॉली चाकांसकट पाण्यांत उतरवावी, होडी तिच्यावर तरंगत आणून दोर आवळावे आणि ओढून वर काढावी. कांहींनीं तर खास होडीसाठींच लोखंडी सांगाडा जोडवून घेतला आहे. श्रम वांचले यांत संशय नाहीं. परंतु जें चाक कोरड्या रस्त्यासाठीं घडविलें तें आपण खाऱ्या पाण्यांत बुडवितों आणि वर आल्यावर त्याकडे वळूनही पहात नाहीं, हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

आमच्या लहानपणीं लांकडी चाकाच्या गाड्या अद्याप चालत असत. मध्यें तुंबा, तुंब्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठे आणि पुठ्यांवर लोखंडी धाव. वंगणाचें नळकांडें गाडीखालींच टांगलेलें असे. वंगण संपलें कीं चाक असें कुरकुरूं लागे कीं, रस्त्यावरचे लोकच गाडीवानास दटावीत. पुढें डनलॉपची रबरी टायरांची गाडी आली. बैलांचा भार पुष्कळ हलका झाला, मात्र तिच्याबरोबर चाकाचें तोंडही बंद झालें. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचें चाक त्याच जातीचें. त्याच्या तुंब्यांत बेअरिंग असतें व तें पत्र्याच्या टोपीखालीं आणि रबरी सीलामागें झांकलेलें असतें. तें बिघडूं लागलें तरी पुष्कळ दिवस आवाज करीत नाहीं, आणि जेव्हां करितें तेव्हां ट्रॅक्टरच्या घरघरींत तो ऐकूं येत नाहीं. म्हणून या चाकास आपणच जाऊन विचारावें लागतें : हात लावून, उचलून, फिरवून आणि वर्षांतून एकदां उघडून.

तुंब्यास गॅरेजांत हब म्हणतात. त्यांत दोन बेअरिंगें असतात. ट्रॉलीकडच्या बाजूस मोठें व बाहेरच्या बाजूस लहान. प्रत्येकांत निमुळते पोलादी रोळ एका पिंजऱ्यांत बसविलेले असतात आणि ते तुंब्यांत घट्ट ठोकलेल्या पोलादी वाटींत फिरतात. रोळ निमुळते कां, असें कोणी विचारील. गाडी वळतांना चाकावर वरून भार येतो तसा बाजूनेंही रेटा येतो. सरळ रोळांस तो सोसत नाहीं, निमुळत्यांस सोसतो. ही युक्ति अमेरिकेंतील हेन्री टिमकेन या घोडागाड्या बांधणाऱ्या कारखानदाराच्या कामांतून निघाली व सन १८९८ मध्यें तिचें पेटंट मिळालें. मोटारीच्या चाकांतील इतकी मोलाची वस्तु गाडी बांधणाऱ्याच्या हातून आली, हें शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. असो. मोठ्या बेअरिंगमागें रबरी ओठाचें सील असतें. बाहेरच्या बाजूस लहान बेअरिंगपुढें वायसर, मग खांचांचा नट, तो फिरूं नये म्हणून त्यांतून घातलेली पिन, आणि सर्वांवर पत्र्याची टोपी.

आतां खारें पाणी आंत कसें शिरतें तें पाहूं. सील केलेलें असतें वंगण आंत राखण्यासाठीं आणि धूळ बाहेर ठेवण्यासाठीं. चार-सहा कोस चालून आलेल्या ट्रॉलीचा तुंबा तापलेला असतो आणि त्यांतील हवा फुगलेली असते. तो तसाच थंड पाण्यांत बुडविला म्हणजे आंतील हवा एकाएकीं आकसते व जागा रिकामी होते. तापविलेला तांब्या पाण्यांत पालथा धरला असतां निवतां निवतां तो पाणी वर ओढून घेतो, हा खेळ लहान मुलेंही करितात. येथें तोच खेळ चाकांत होतो. सीलाच्या ओठांतून पाणी आंत ओढलें जातें. एका वेळेस चमचाभरच जात असेल, पण एका भरतींत तीनदां ट्रॉली उतरविली तर तीन चमचे झाले. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम मीठ असतें. पाणी उडून गेलें तरी मीठ राहतें, आणि तें हवेंतील ओल ओढून पोलाद खातच राहतें. खारीचा बांध फुटून उधाणाचें पाणी एकदां शेतांत आलें म्हणजे तें ओसरल्यावर जमिनीचें काय होतें, हें ज्या शेतकऱ्यानें पाहिलें आहे त्याला याहून अधिक सांगावयास नको. शेतांतलें मीठ निदान पावसानें धुऊन जातें. तुंब्यांत पाऊस पडत नाहीं.

आम्ही नोकरींत असतांनाची एक हकीगत येथें सांगणें अवश्य वाटतें. पनवेल तालुक्यांतील एका गांवीं आम्ही कामानिमित्त गेलों होतों. मे महिना होता. सकाळच्या भरतींत एका ट्रॉलीनें तीन होड्या वर काढल्या होत्या, आणि चौथी, जिच्या तळाचें काम करावयाचें होतें ती, तीच ट्रॉली तशीच घेऊन हमरस्त्यानें कारागिराकडे निघाली. न्हावा शेवा येथील बंदर सन १९८९ मध्यें सुरू झाल्यापासून त्या बाजूच्या रस्त्यांवर कंटेनरच्या गाड्यांची रीघ असते. त्या गर्दींत ट्रॉलीचें डावें चाक तुंब्यासकट आंसावरून निसटलें, ट्रॅक्टरच्या पुढें धांवत गेलें आणि रस्त्याकडेच्या चरींत जाऊन आपटलें. ट्रॉली एका अंगावर बसली, होडी दोर तोडून डांबरावर घसरली व तिचा तळ हातभर चिरला. कोणास इजा झाली नाहीं. ज्या बाजूस चाक गेलें तिकडून शाळेचीं मुलें जातात. त्या दिवसांत शाळेस सुट्टी होती, इतकेंच. आम्ही पोहोंचलों तेव्हां मालक रस्त्याच्या कडेला बसून पुन्हां पुन्हां एवढेंच म्हणत होता, "भाऊसाहेब, टायर तर नवे घातले होते हो! आवाज सुद्धां आला नाहीं." मेस्त्रीनें दुसऱ्या बाजूच्या चाकाची टोपी काढून बोट आंत घातलें व आमच्यापुढें धरलें. पांढुरकें, पातळ, धाग्यासारखें गळणारें. "भाऊसाहेब, हें वंगण नव्हे, ताक आहे," असें तो म्हणाला. त्या घराचा हंगाम गेला आणि सोसायटीचे हप्ते मात्र चालूच राहिले. शंभर-दोनशें रुपयांचें वंगण आणि एका दुपारचें काम यांवर हें सर्व अवलंबून होतें.

टायर नवे घालणें ही आपणां सर्वांचीच रीत आहे, कारण टायर डोळ्यांस दिसतो. आमचें म्हणणें असें कीं, टायरवर खर्च करण्यापूर्वीं तुंबा उघडून पहावा.

रोजची पहाणी हातानें करावयाची. रस्त्यानें पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर ट्रॉली बाजूस उभी करावी आणि प्रत्येक तुंब्याच्या टोपीवर तळहात ठेवावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नाहीं इतका तापला असेल, किंवा एक बाजू दुसरीहून स्पष्टपणें अधिक तापली असेल, तर तेथें बिघाड आहे असें समजावें. मग पुढें जाऊं नये. ज्या ट्रॉलीस ब्रेक आहेत तिचा तुंबा ब्रेकच्या घर्षणानेंही तापतो, म्हणून तेथें दोन बाजूंची तुलना हीच खरी खूण. चाकाच्या आंतल्या अंगास, टायरवर किंवा रिमवर, वंगणाचे ओघळ दिसले तर सील फाटलें आहे. होडी चढविण्यापूर्वीं आठवड्यांतून एकदां जॅक लावून चाक उचलावें व हातानें फिरवावें. तें निःशब्द फिरलें पाहिजे. वाळू दळल्यासारखी खरखर हाताला लागली तर रोळांवर गंज चढला आहे. मग चाकाचें वरचें टोंक एका हातानें व खालचें दुसऱ्या हातानें धरून पुढें-मागें हालवावें. केंसभर हेलकावा असावाच लागतो. ठक् ठक् वाजत असेल तर नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजलें आहे.

वर्षाची उघडणी मे महिन्यांत होड्या वर आल्यावर करावी, दिवाळीवर टाकूं नये. कारण पाणी शिरलेला तुंबा चार महिने पावसाळ्यांत तसाच उभा राहिला तर त्यांतील रोळ जेथें वाटीस टेकलेले असतील तेथें तेथें गंजाची रेघ पडते, आणि त्या रेघांनीं बेअरिंग पुढें काम देत नाहीं. चाक उचलून खालीं भक्कम ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकवर विसंबून हात खालीं घालूं नये. टोपी, पिन, नट, वायसर काढून तुंबा ओढून घ्यावा. वंगण पुसून बेअरिंगें डिझेलांत धुवावीं. पेट्रोल वापरूं नये, तें भडकतें. धुतल्यावर कोरड्या फडक्यानें पुसून सावलींत वाळवावीं. हवेच्या नळीनें बेअरिंग गरगर फिरविण्याची मेस्त्र्यांची हौस असते. ती वाईट. कोरडे रोळ त्या वेगानें एकमेकांस घासतात, आणि एखादा सुटला तर डोळा जातो.

धुतलेलें बेअरिंग उजेडांत धरून प्रत्येक रोळ पहावा. स्वच्छ, रुपेरी, आरशासारखा असेल तर परत घालावा. निळसर किंवा तपकिरी झांक असेल तर तें तापलें होतें असें समजावें. खड्डे, ओरखडे, गंजाच्या रेघा दिसल्या तर टाकून द्यावें; पॉलिश पेपरानें घासून तें सुधारत नाहीं. बेअरिंग बदललें कीं त्याची वाटीही बदलावी. जुन्या वाटींत नवे रोळ घालणें म्हणजे जुन्या जात्याच्या खालच्या तळीवर नवी पाळ बसविणें होय. दोन्हींचें जमत नाहीं. सील मात्र उघडल्यावर दर वेळीं नवेंच घालावें, आणि पिनही नवी. जुनी पिन सरळ करून पुन्हां वांकविणारे आम्हीं पाहिले आहेत. ज्या तारेवर सारें चाक अडलें आहे तिच्यांत काटकसर करण्यांत अर्थ नाहीं.

बेअरिंग विकत घेतांना कडीवर कोरलेला क्रमांक पाहून घ्यावा. या क्रमांकांत एक सोय आहे. उदाहरणार्थ, ३०२०७ असा क्रमांक असेल तर शेवटच्या दोन अंकांस पांचानें गुणावें. सात पंचे पस्तीस, म्हणजे भोंक ३५ मिलिमीटरचें. शेवटचे अंक ०४ किंवा त्याहून मोठे असले म्हणजे हा हिशोब लागू पडतो. इंची मापाच्या बेअरिंगांचे क्रमांक निराळे असतात, त्यांस तो लागत नाहीं. पनवेल, तुर्भें किंवा मुंबईचा नागदेवी मार्ग, कोठेंही गेलात तरी जुनी कडी बरोबर न्यावी आणि पावती घ्यावी. नामांकित छापाच्या खोक्यांत नकली माल विकला जातो. आम्हीं सर्व ट्रॉलीवाल्यांस एक लहान वही ठेवण्यास सांगत असतों. बेअरिंगचे क्रमांक, सीलाचें माप, वंगण कोणत्या जातीचें व कोणत्या तारखेस भरलें, एवढें त्यांत लिहावें. दप्तरी माणसाची ही खोड आहे असें लोक हंसून म्हणतात. परंतु भरतीची वेळ टळत असतां आणि चाक उघडें पडलें असतां हीच वही दुकानदारास फोनवरून वाचून दाखवितां येते.

वंगणाविषयीं. बाजारांत सर्वसाधारण मिळणारें ग्रीस लिथियमच्या साबणाचें असतें व कोरड्या रस्त्यास तें उत्तम आहे. खाऱ्या पाण्यांत उतरणाऱ्या ट्रॉलीस पाण्यानें न धुपणारें, बोटीसाठीं म्हणून विकलें जाणारें ग्रीस घ्यावें. त्यांत कॅल्शियम सल्फोनेट जातीचें मीठ व गंज यांस चांगलें तोंड देतें. दोन जाती एकमेकींत मिसळूं नयेत. कित्येकदां त्या मिसळल्यानें पातळ होतात व तापतांच वाहून जातात. म्हणून जात बदलावयाची तर जुनें वंगण पूर्णपणें धुऊन काढूनच बदलावी. भरण्याची रीत अशी : डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबून दाबून घांसावी, इतकी कीं वंगण रोळांमधून वरच्या बाजूस फुटून आलें पाहिजे. वरवर लेप देऊन तुंब्यांत टाकलेलें बेअरिंग पहिल्या दहा कोसांतच कोरडें पडतें. दोन बेअरिंगांमधली पोकळी रस्त्याच्या गाडींत थोडी मोकळी ठेवितात. पाण्यांत जाणाऱ्या गाडींत ती बहुतेक भरून काढणें बरें. आंत हवा जितकी कमी, तितकी पाण्याची ओढ कमी.

पुष्कळ तुंब्यांचा नाश नट आवळतांना होतो. पान्यास हातभर नळी लावून सर्व बळानें नट आवळणें यांत कांहीं मेस्त्र्यांस पुरुषार्थ वाटतो. चाकाच्या बोल्टांस तें चालेल, आंसाच्या नटास चालत नाहीं. रोळ वाटींत चिणले गेले कीं वंगणाचा थर तुटतो आणि बेअरिंग एका दिवसांत जळतें. खरी रीत अशी आहे : चाक एका हातानें फिरवीत नट पान्यानें आवळावा, म्हणजे रोळ जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करावा, आणि पाना बाजूला ठेवून नुसत्या बोटांनीं जितका बसेल तितका बसवावा. पिनेचें भोंक खांचेसमोर आलें नाहीं तर नट पुढें न आवळतां किंचित् मागें घ्यावा. पिन घालून दोन्ही पाय वांकवावे. चाकाचे बोल्ट मात्र समोरासमोरचे असे आळीपाळीनें घट्ट आवळावे आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हां एकदां तपासावे. ते प्रथम थोडे सैल होतातच.

पत्र्याच्या टोपीऐवजीं स्प्रिंग असलेली टोपी मिळते. तिच्यांतून ग्रीसगनने वंगण भरलें म्हणजे स्प्रिंग आंतील वंगणावर थोडा दाब ठेवते व पाण्यास आंत यावयास जागा उरत नाहीं. वस्तु उपयोगी आहे. पण ती लावल्यामुळें उघडणीच टळली असें समजूं नये, आणि अति वंगणही ठांसूं नये. दाब वाढला कीं मागचें सील उलटतें व सर्व वंगण ब्रेकच्या ड्रममध्यें जातें. सर्वांत स्वस्त उपाय फुकटच आहे. उतारावर पोहोंचल्यावर ट्रॉली अर्धा-पाऊण तास सावलींत उभी करावी, तुंबा हाताला गार लागूं द्यावा आणि मग पाण्यांत घालावी. भरती थोडी अगोदर गांठावी लागते इतकेंच. पंचांग व भरतीचें कोष्टक ज्याच्या घरीं आहे त्यास हें कठीण नाहीं.

आतां ब्रेक. आपल्याकडील बहुसंख्य शेतकी ट्रॉल्यांस ब्रेकच नसतात, हें कोणी नाकारणार नाहीं. मागचा सारा भार ट्रॅक्टरनेंच रोखावयाचा. त्यांत एक गोष्ट बहुतेक ट्रॅक्टरवाले विसरतात. शेतांत जागच्या जागीं वळतां यावें म्हणून ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे दिलेले असतात, व दोन्ही पायपट्ट्या जोडण्यास एक कडी असते. रस्त्यावर येतांना ती कडी लावलीच पाहिजे. ती न लावतां घाईंत एकच पट्टी दाबली गेली तर ट्रॅक्टर आडवा वळतो आणि मागची होडी त्यास ढकलीत नेते. तसेंच उतारावर गीअर सुटा करून डिझेल वांचविणें ही संवय जीवघेणी आहे. होडींत सांचलेलें पाणी निघण्यापूर्वीं काढावें. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो वजन, आणि तें उतारावर पुढें लोटतें.

ज्यांनीं होडीची खास ट्रॉली केली आहे त्यांनीं तिला ब्रेक बसवून घ्यावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. यांत सोयीचा प्रकार म्हणजे रेट्यानें लागणारा ब्रेक : ट्रॅक्टर मंदावला कीं ट्रॉली पुढें रेटते, जोडाची दांडी आंत सरकते आणि तिच्यामुळें ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. मागें घेतांना हाच ब्रेक आडवा येतो, म्हणून त्यास एक अडकण असते. होडी काढण्यासाठीं ती लावली असेल तर रस्त्यावर येण्यापूर्वीं काढण्यास विसरूं नये. विजेच्या चुंबकानें लागणारे ब्रेक पाण्यांत उतरणाऱ्या ट्रॉलीस घेऊं नयेत.

ब्रेकचा ड्रम हा मिठाचा रांजणच होय. पाणी आंत जातें, निघून जातें, मीठ मात्र पट्ट्यांच्या खांचांत बसतें. स्प्रिंगा तुटतात, वायरी आपल्या नळ्यांत चिकटतात, पट्ट्याखालीं गंज फुगून पट्टा शूवरून सुटतो. वर्षाच्या उघडणींत ड्रम काढून सर्व कांहीं गोड्या पाण्यानें धुवावें, वाळवावें, वायरी मोकळ्या करून तेल द्यावें. पट्ट्यांवर वंगण लागलें असेल तर घासून उपयोग नाहीं, पट्टे बदलावे. तेलाचे ब्रेक असतील तर तें ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें हें ध्यानांत ठेवावें. दोन वर्षांनीं तें बदलावें, आणि त्याच्या जागीं इंजिनचें तेल चुकूनही ओतूं नये, रबराच्या वाट्या फुगून ब्रेक निकामी होतात. ज्यांस परवडेल त्यांनीं ड्रमाऐवजीं डिस्कचे ब्रेक घ्यावे. ते उघडे असल्यामुळें धुवावयास सोपे जातात. पाण्यांतून निघाल्यावर ब्रेक भिजलेले असतात व नीट धरीत नाहींत, म्हणून हमरस्त्यास लागण्यापूर्वीं दोन-तीनदां हळूच दाबून ते वाळवून घ्यावे. आणि जोडाची पिन तुटली तरी ट्रॉली सुटूं नये म्हणून सांखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींस छेदून लावलेल्या, असाव्या.

धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतें, चिखल असतो. ट्रॅक्टर उभा असतां ट्रॉलीच्या चाकांमागें दगडाची उटी लावल्याशिवाय कोणास मागें उभें राहूं देऊं नये; मुलांस तर मुळींच नाहीं.

होडी वर आल्यावर त्याच दिवशीं सर्व चाकें, तुंबे, ड्रम व स्प्रिंगपट्टे गोड्या पाण्यानें धुवावे. संध्याकाळपर्यंत ठेवलें तर मीठ सुकून बसतें. नळ नसेल तर विहिरीच्या दहा-बारा बादल्या पुरतात. जोराच्या पंपाची धार सीलावर मारूं नये, ती पाणी उलट आंत ढकलते.

पावसाळ्यांत ट्रॉली उभी करावयाची ती चाकें जमिनीवरून उचलून, ठोकळ्यांवर. हाताचा ब्रेक ओढून ठेवूं नये, पट्टे ड्रमास चिकटतात. उटीनें काम भागतें. दर पंधरवड्यास प्रत्येक चाक पांच-दहा फेरे हातानें फिरवावें, म्हणजे रोळांवर वंगणाचा थर नव्यानें पसरतो. सन २०२१ च्या जुलै महिन्यांत महाड व चिपळूण येथें महापूर आला तेव्हां होडी ही केवढ्या मोलाची वस्तु आहे तें सर्वांनीं पाहिलें. तशी रात्र आपल्या तालुक्यावर आली आणि दारची होडी तीन कोसांवरच्या गांवीं न्यावयाची झाली, तर त्या वेळीं टोपी उघडून बेअरिंग पहावयास कोणास वेळ असणार नाहीं. टायरांची हवा महिन्यानें पहावी, एक जादा चाक फुगवून भिंतीशीं ठेवावें, आणि जॅक, पाना, नवी पिन, सील व एक जोड बेअरिंग तेलकट कागदांत गुंडाळून ट्रॉलीच्या पेटींतच असूं द्यावें.